मद्यसह्यता

एखादे मादक द्रव्य वारंवार घेतल्यामुळे त्याच त्या मात्रेचा परिणाम उत्तरोत्तर कमी होत जाणे आणि पूर्वीइतका परिणाम घडण्यासाठी अधिकाधिक मात्रा लागणे, ह्यास त्या द्रव्याची सह्यता म्हणतात. मद्याच्या बाबतीत तिला मद्यसह्यता ही संज्ञा आहे. सह्यता हा स्वतः रोग नव्हे. परंतु मद्यावलंबनाकडे जाणाऱ्या मार्गावरील ती पहिली ठळक खूण होय. व्यवहारात मात्र तिचा नेमका उलटा अर्थ लावला जातो. पुष्कळ पिऊनही ज्याचा तोल जात नाही, त्याच्याविषयी ‘तो दारू पचवतो’ असे काहीशा कौतुकाने बोलले जाते. हा शब्दप्रयोग फसवा आहे. मद्याचे विघटन करण्याचे काम यकृत करते हे खरे. परंतु तोल न जाण्याचे प्रमुख कारण मेंदूत घडून आलेला बदल हे असते आणि तो बदल बळकटीचा नसून तडजोडीचा असतो. ही तडजोड कशी होते, तीत शरीरातच तयार होणाऱ्या अफूसारख्या द्रव्यांचा भाग कोणता आणि मद्य एकाएकी बंद केले असता ती जिवावर का बेतू शकते, ह्यांचे विवेचन येथे केले आहे. उदाहरणादाखल ठाणे जिल्ह्यातील शहापूर व मुरबाड ह्या तालुक्यांतील मोहाच्या दारूचा विचार केला आहे.

मोह व मोहाची दारू : सह्याद्रीच्या पश्चिम उतारावरील शहापूर व मुरबाड ह्या तालुक्यांत पानझडी जंगल बरेच असून ठाकूर, कातकरी, महादेव कोळी, वारली इ. आदिवासी जमातींची वस्ती आहे. मोह हा ह्या जंगलातील महत्त्वाचा वृक्ष. फाल्गुन-चैत्रात त्याची मांसल, फिकट पिवळसर फुले रात्रीतून गळून पडतात आणि पहाटे बायका-मुले ती वेचून आणतात. सुकलेल्या फुलांत निम्म्याहून अधिक भाग शर्करेचा असतो. टंचाईच्या दिवसांत ही फुले भाजून अथवा शिजवून खाल्ली जातात, बियांपासून तेल काढतात. म्हणजे मोह हे केवळ दारूचे झाड नव्हे. ही गोष्ट सरकारी कागदपत्रांत बहुधा विसरली गेली आहे.

दारू करण्यासाठी सुकी फुले पाण्यात भिजवून काही दिवस आंबू देतात. आंबवण्याच्या क्रियेत यीस्ट शर्करेचे अल्कोहॉलात रूपांतर करते; परंतु अल्कोहॉलाचे प्रमाण एका मर्यादेपलीकडे गेले की यीस्ट स्वतःच त्यात मरते. म्हणून तीव्र दारूसाठी ह्या आंबोणाचे भट्टीवर ऊर्ध्वपातन करावे लागते. एथिल अल्कोहॉल सु. ७८° से. ला, म्हणजे पाण्याच्या आधी उकळत असल्यामुळे प्रारंभी येणाऱ्या द्रवात त्याचे प्रमाण सर्वाधिक असते. ‘पहिल्या धारेची’ ह्या शब्दप्रयोगामागे एवढेच रसायनशास्त्र आहे. मोहाऐवजी गूळ व नवसागर वापरून केलेली गावठी दारूही सर्वत्र आढळते. भट्टीगणिक तिची तीव्रता बदलत असल्यामुळे ‘दोन ग्लास’ हे माप निरर्थक ठरते. मेथिल अल्कोहॉल मिसळलेल्या विषारी दारूचा प्रश्न ह्याहून निराळा आहे. मुंबईतील मालवणी येथे २०१५ मध्ये अशा दारूने शंभरावर माणसे दगावली. ती विषबाधा होती. तिचा सह्यतेशी संबंध नाही.

मोहाच्या दारूस सण, लग्न, मृत्यूनंतरचे विधी आणि देवाचा नैवेद्य ह्यांत परंपरेने स्थान होते. ब्रिटिश अमदानीत १८७८ च्या मुंबई अबकारी अधिनियमाने दारू गाळण्याचा हक्क मक्तेदारांकडे गेला, तर १८९२ च्या अधिनियमाने ठाणे व कुलाबा ह्या जिल्ह्यांत खुद्द मोहाच्या फुलांच्या संग्रहावर व विक्रीवर बंधने आली. घरची, हंगामी, पाहुण्यांसह प्यायची वस्तू ह्याप्रमाणे एकीकडे गुन्हा ठरली आणि दुसरीकडे रोखीने, बाराही महिने, दुकानातून मिळू लागली. सरकारला महसूल मिळाला. मेंदूच्या दृष्टीने ह्या बदलाचा अर्थ पुढे स्पष्ट होईल. कारण सह्यता उत्पन्न होते ती प्रसंगोपात्त पिण्याने नव्हे, तर रोजच्या पिण्याने. १९४९ च्या मुंबई दारूबंदी अधिनियमाखाली विनापरवाना दारू गाळणे हा पुढेही गुन्हाच राहिला. मोहफुले गोळा करणे, साठविणे व त्यांची वाहतूक करणे ह्यांवरील निर्बंध मात्र महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये उठविले.

शरीरातील अफू : मद्याची क्रिया समजण्यासाठी प्रथम अफूकडे वळावे लागते. अफूतील मुख्य क्रियाशील द्रव्य मॉर्फीन हे जर्मन औषधविक्रेता झेर्टुर्नर ह्याने एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी वेगळे केले. अत्यल्प मात्रेत एवढी तीव्र क्रिया करणाऱ्या द्रव्यासाठी मेंदूत काही ठराविक जागा असल्या पाहिजेत, असा तर्क पुढे करण्यात आला आणि १९७३ मध्ये बॉल्टिमोर, न्यूयॉर्क व अप्साला येथील तीन प्रयोगशाळांनी स्वतंत्रपणे अशा जागा, म्हणजे अफू-ग्राही, दाखवून दिल्या. किल्ली व कुलूप ह्यांप्रमाणे मॉर्फीनाचा रेणू ह्या ग्राहींत बसतो. खसखशीच्या बोंडातील रसासाठी माणसाच्या मेंदूत कुलूप कशाला असावे, हा प्रश्न साहजिकच पुढे आला. ॲबर्डीन येथील ह्यूझ व कोस्टरलिट्स ह्यांनी १९७५ मध्ये डुकराच्या मेंदूतून दोन लहान पेप्टाइडे वेगळी करून त्याचे उत्तर दिले : ह्या कुलपाची खरी किल्ली शरीर स्वतःच बनविते. त्यांना एंकेफॅलिने असे नाव मिळाले. १९७६ मध्ये बीटा-एंडॉर्फिन हे अधिक मोठे पेप्टाइड सापडले. वेदना शमविणे, श्वसनाची गती ठरविणे, आतड्यांची हालचाल मंद करणे, अन्न-पाणी-सहवास ह्यांपासून मिळणारे समाधान घडविणे ही ह्या पेप्टाइडांची कामे होत. ग्राहींचे म्यू, डेल्टा व कॅपा असे मुख्य प्रकार असून मॉर्फीन व हेरॉइन ह्यांची सुखकारक आणि श्वसनरोधक अशी दोन्ही प्रकारची क्रिया प्रामुख्याने म्यू ग्राहींमार्फत होते. एकच कुलूप दोन दरवाजांना असावे, तसे हे आहे.

मराठी मुलखास अफू अपरिचित नव्हती. तान्ह्या मुलांना झोपविण्यासाठी अफूची ‘बाळगोळी’ देण्याची चाल मुंबईच्या गिरणगावात विसाव्या शतकाच्या पहिल्या चतुर्थकात सर्रास होती. आई पाळीवर असताना मूल शांत राहावे एवढाच तिचा हेतू. त्याच मुंबईत १९८० नंतरच्या दशकात अशुद्ध हेरॉइन ‘गर्द’ ह्या नावाने पसरले. त्याच्या आहारी गेलेल्यांसाठी पुण्यात १९८६ मध्ये सुनंदा व अनिल अवचट ह्या दांपत्याने मुक्तांगण हे केंद्र सुरू केले. पुढे तेथे मद्याच्या रुग्णांवरही उपचार होऊ लागले. गर्द व दारू ही द्रव्ये रासायनिक दृष्ट्या एकमेकांपासून अगदी दूरची; तरीही एकाच छताखाली दोहोंवर उपचार होतात, ह्याला मेंदूतही आधार आहे.

सुखाचा मार्ग : माँट्रिऑल येथील ओल्ड्स व मिलनर ह्यांनी १९५४ मध्ये उंदरांच्या मेंदूत विद्युत् अग्रे बसवून त्यांना स्वतः तरफ दाबून विद्युत् प्रवाह घेण्याची सोय करून दिली. अग्रे काही विशिष्ट जागी असली की उंदीर तरफ तासाला शेकडो वेळा दाबत. ह्या जागांना जोडणारा जो मार्ग पुढे निश्चित झाला, त्याचा उगम मध्यमस्तिष्काच्या तळाशी असलेल्या एका लहान कोशिकासमूहात असून तेथून निघालेले तंतू अग्रमस्तिष्कातील ॲक्युंबेन्स नावाच्या केंद्रकात जातात व तेथे डोपामीन हे द्रव्य सोडतात. भुकेल्यास अन्न दिसले, तहानलेल्यास पाणी मिळाले की ह्या मार्गात डोपामीन स्रवते. जे जगण्यास उपयोगी ते पुन्हा करावे, अशी शिकवण देण्याचा हा निसर्गाचा उपाय आहे.

डोपामीन सोडणाऱ्या कोशिका एरवी मोकळ्या नसतात. शेजारच्या कोशिका गाबा (गॅमा-ॲमिनोब्युटिरिक अम्ल) हे दमनकारी द्रव्य सोडून त्यांना सतत आवरून धरतात. मॉर्फीन डोपामीन-कोशिकांना चेतवीत नाही. ते ह्या आवरणाऱ्या कोशिकांवरील म्यू ग्राहींत बसून त्यांनाच गप्प करते. घाटात उतारावर उभ्या असलेल्या बैलगाडीच्या चाकाखालचा दगड काढून घ्यावा, तसा हा प्रकार होतो. गाडी ढकलावी लागत नाही, ती आपोआप धावू लागते. परिणामी अन्नपाण्याने मिळते त्यापेक्षा कितीतरी अधिक डोपामीन, तेही काहीही उपयुक्त कृत्य न करता, स्रवते.

मद्याला मॉर्फीनासारखा स्वतःचा ग्राही नाही. त्याचा रेणू लहान असून तो पाण्यात सहज व काही अंशी मेदातही शिरतो आणि अनेक ठिकाणी ढवळाढवळ करतो. गाबाच्या ग्राहींची क्रिया तो वाढवितो. त्यामुळे भीड कमी होणे, चिंता शमणे, गुंगी येणे हे परिणाम होतात. उलटपक्षी ग्लुटामेट ह्या उत्तेजक द्रव्याच्या एनएमडीए नावाच्या ग्राहींना तो दाबतो. रात्री काय घडले हे सकाळी न आठवणे हा त्याचाच परिणाम होय. ह्यांशिवाय तिसरी क्रिया अशी, की मद्यामुळे बीटा-एंडॉर्फिन स्रवते व ते म्यू ग्राहींमार्फत वर वर्णिलेला चाकाखालचा दगड दूर करते. ज्यांच्यात म्यू ग्राही मुळातच नाहीत अशा आनुवंशिकीय फेरफार केलेल्या उंदरांना मद्याची गोडी लागत नाही, असे २००० मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत आढळले. मद्य प्यायल्यावर मानवी मेंदूच्या ॲक्युंबेन्स केंद्रकात शरीरातील अफूसम द्रव्ये स्रवतात, हे २०१२ मध्ये कॅलिफोर्नियातील संशोधकांनी किरणोत्सर्गी द्रव्याच्या साहाय्याने घेतलेल्या प्रतिमांवरून दाखविले. तात्पर्य, मोहाची दारू पिणारा अंशतः स्वतःच्याच शरीरातील अफूच्या अंमलाखाली असतो.

डोपामीन म्हणजेच सुख, असे समीकरण पूर्वी मांडले जाई. ते आता मान्य नाही. डोपामीन प्रामुख्याने ओढ निर्माण करते, तर प्रत्यक्ष गोडीचा अनुभव बऱ्याच अंशी अफूसम पेप्टाइडांवर अवलंबून असतो, असे दिसते. शिवाय वारंवार अनुभवानंतर डोपामीनाचा स्राव प्रत्यक्ष प्राप्तीच्या वेळी न होता तिच्या सूचक खुणेबरोबर होऊ लागतो. आंबलेल्या फुलांचा वास, दिवेलागणीची वेळ, गुत्त्याकडे वळणारी पायवाट, आठवड्याचा बाजार, हातात पडलेली मजुरी ह्यांपैकी कोणतीही खूण पुरेशी होते. मराठीत जिला तलफ म्हणतात ती हीच. ती इच्छेपेक्षा स्मृतीच्या अधिक जवळची आहे. म्हणूनच वर्षानुवर्षे न पिणाऱ्यासही ती एखाद्या संध्याकाळी गाठू शकते.

सह्यता कशी येते : सह्यतेचा एक भाग यकृतात असतो. तेथे अल्कोहॉलाचे प्रथम ॲसिटाल्डिहाइडात व नंतर ॲसिटिक अम्लात रूपांतर होते. सर्वसाधारण माणसाच्या १०० मिलि. रक्तातून तासाला सु. १५ मिग्रॅ. अल्कोहॉल नाहीसे होते. नित्य पिणाऱ्यात काही एंझाइमे वाढल्यामुळे हा वेग २० ते ३० मिग्रॅ. पर्यंत जाऊ शकतो. ह्याला ‘पचविणे’ म्हणता येईल. परंतु केवळ एवढ्याने रक्तात २०० मिग्रॅ. असताना सरळ चालणाऱ्या माणसाचा उलगडा होत नाही.

महत्त्वाचा भाग मेंदूतील आहे. गाबाचे काम कोणीतरी बाहेरून वाढवीत आहे असे सतत आढळल्यास तंत्रिका-कोशिका आपल्या पृष्ठभागावरील गाबा-ग्राहींची रचना बदलतात, काही ग्राही आत ओढून घेतात. एनएमडीए ग्राही दाबले जात आहेत असे आढळल्यास त्यांची संख्या वाढवितात. दोन्ही बदलांचा रोख एकच : मद्य असतानाही काम नेहमीसारखे चालावे. अफूच्या बाबतीतही तत्त्व हेच. सतत उत्तेजित केलेल्या म्यू ग्राहीस कोशिकेतील एंझाइमे फॉस्फेट गट जोडतात, त्यावर ॲरेस्टिन नावाचे प्रथिन बसते आणि ग्राही निष्क्रिय होऊन आत खेचला जातो. शिवाय मॉर्फीनाने मंदावलेली आंतरिक रासायनिक यंत्रणा कोशिका अधिक जोमाने चालवू लागते. सवयीच्या माणसाचा मेंदू अशा प्रकारे मद्याच्या अथवा अफूच्या विरुद्ध दिशेने कललेला असतो. बाहेरून ओढणारा दोर आहे तोवर तो सरळ उभा दिसतो.

ह्या जुळणीला शिकण्याचीही बाजू आहे. कॅनडातील सीगल व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात उंदरांना एका ठराविक खोलीत हेरॉइनची सवय लावली व नंतर एक मोठी मात्रा दिली. ती नेहमीच्या खोलीत दिली असता जितके उंदीर मेले, त्याहून कितीतरी अधिक ती अनोळखी खोलीत दिली असता मेले. परिचित जागा ओळखताच मेंदू प्रतिकाराची तयारी आधीच करून ठेवतो. नव्या जागी ती तयारी नसते. मद्याच्या बाबतीतही असा परिणाम दाखविण्यात आला आहे. शहापूर-मुरबाडमधील अनेक कुटुंबे दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर किंवा अन्य मजुरीस जातात व पावसाळ्याच्या तोंडाशी परततात. पाडा, सोबती, वेळ आणि दारूचा प्रकार असे सर्वच ह्या स्थलांतरात बदलते. नेहमीचेच माप परक्या ठिकाणी अंगावर येण्याचा संभव त्यामुळे असतो.

सह्यतेचा सर्वांत घातक गुणधर्म तिच्या विषमतेत आहे. सर्व परिणामांना ती सारख्या प्रमाणात येत नाही. झिंग व तोल जाणे ह्यांबाबत ती लवकर व पुष्कळ येते. मारक मात्रेबाबत फार थोडी येते. १०० मिलि. रक्तात ३०० मिग्रॅ. अल्कोहॉल असता सामान्य माणूस बहुधा शुद्धीवर राहत नाही. अवलंबी माणूस बोलत बसलेला आढळतो. परंतु श्वसन बंद पाडणारी पातळी दोघांची जवळजवळ सारखीच असते. म्हणजे जितकी सवय जास्त, तितके झिंग आणि मृत्यू ह्यांतील अंतर कमी. यकृत, स्वादुपिंड, हृदयाचे स्नायू ह्यांना तर सह्यता येतच नाही. अधिक प्यायलेल्या प्रत्येक थेंबाची झळ त्यांना लागते. मोटर वाहन अधिनियमाने (१९८८) वाहनचालकासाठी १०० मिलि. रक्तात ३० मिग्रॅ. ही मर्यादा ठरविली आहे. ‘मला काही होत नाही’ ह्या अनुभवाला तीत स्थान नाही, हे योग्यच होय. कारण चाल सुधारलेली दिसली तरी अनपेक्षित प्रसंगी लागणारा निर्णय त्या प्रमाणात सुधारलेला नसतो.

सह्यता नाहीशी होणे : पिणे थांबविले की काही दिवसांत ते आठवड्यांत सह्यता ओसरू लागते. महाराष्ट्रात ह्याचा प्रयोग जणू दरवर्षी होतो. आषाढ अमावास्येला यथेच्छ पिऊन (हिला ‘गटारी’ असे नाव पडले आहे) पुढे श्रावणभर मद्य वर्ज्य करणारे अनेक लोक आहेत. श्रावण सहज पाळता येणे हे अवलंबन नसल्याचे सुचिन्ह मानता येईल. मात्र महिन्यानंतर पूर्वीचेच माप घेणाऱ्याचा मेंदू आता पूर्वीचा राहिलेला नसतो. अफूसम द्रव्यांत हा धोका फारच तीव्र आहे. तुरुंगातून अथवा उपचारकेंद्रातून बाहेर पडलेला गर्दचा व्यसनी जुनी मात्रा घेतो आणि श्वास थांबून दगावतो. हेरॉइनमुळे होणाऱ्या मृत्यूंत अशा मृत्यूंचा वाटा मोठा असतो. वेळीच नालोक्सोन टोचल्यास ते ग्राहींवरून हेरॉइनला हुसकावून प्राण वाचवू शकते. मद्यासाठी असा उतारा उपलब्ध नाही.

वर्जनलक्षणे : आधार धरून वाकलेल्या माणसाचा आधार एकदम काढून घेतल्यास तो ज्या बाजूस पडेल, त्या बाजूस मद्य बंद झालेला मेंदू कोसळतो. गाबाची क्रिया क्षीण व ग्लुटामेटाची प्रबळ झालेली असल्यामुळे शेवटच्या पेल्यानंतर ६ ते २४ तासांत हात थरथरणे, घाम, मळमळ, छातीत धडधड व निद्रानाश सुरू होतात. पहिल्या दोन दिवसांत आकडी येऊ शकते. दोन ते चार दिवसांच्या सुमारास काहींना कंपोन्माद होतो : ताप, भ्रम, अंगावर किडे चढत असल्याचे किंवा भिंतीत प्राणी दिसत असल्याचे भास, माणसे न ओळखणे. ह्यावर उपचार न झाल्यास मृत्यू ओढवू शकतो. अफूचे वर्जन अतिशय क्लेशदायक असते. परंतु अन्यथा निरोगी असलेल्या प्रौढास ते सहसा मारीत नाही. मद्याचे मारू शकते. लोकसमजुतीत हा क्रम बरोबर उलटा आहे.

ही लक्षणे निकृष्ट आहारामुळे होतात की मद्य थांबल्यामुळे, ह्याविषयी पूर्वी मतभेद होता. अमेरिकेतील लेक्सिंग्टन येथे इझबेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी मॉर्फीनाचे पूर्वव्यसनी असलेल्या दहा जणांना उत्तम आहार देऊन ७ ते ८७ दिवस सतत मद्य दिले व मग ते एकदम थांबविले. अधिक काळ प्यायलेल्यांत आकडी व भ्रम ही लक्षणे उद्‌भवली. १९५५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ह्या प्रयोगाने वाद मिटला. असा प्रयोग आजच्या नीतिनियमांत बसणारा मात्र नाही.

सकाळी हाताची थरथर थांबविण्यासाठी घेतला जाणारा पेला, ज्यास पिणारे ‘उतारा’ म्हणतात, तो वर्जनलक्षणांवरील उपचारच असतो. त्या वेळी सुखाचा प्रश्न उरलेला नसतो; केवळ नेहमीसारखे वाटावे म्हणून प्यावे लागते. अशा अवस्थेतील माणसाचे पिणे अनेक कारणांनी एकाएकी तुटू शकते : हाड मोडून रुग्णालयात दाखल होणे, कोठडी, पैसा संपणे, तापाने अंथरुण धरणे किंवा कोणाच्या आग्रहावरून घेतलेली शपथ. दाखल करताना मद्याची चौकशी झाली नाही अथवा नातेवाईकांनी संकोचाने ती टाळली, तर तिसऱ्या दिवशीच्या भ्रमाचे कारण कळत नाही. घरी असताना भास होऊ लागले, तर त्यांचा अर्थ बाहेरची बाधा असा लावून रुग्णास भगताकडे नेले जाण्याचा संभव असतो आणि बहुमोल तास निघून जातात. म्हणून पहाटे थरथर होणाऱ्या, पूर्वी आकडी येऊन गेलेल्या अथवा रोज भरपूर पिणाऱ्या माणसाने दारू घरच्या घरी एका दिवसात तोडणे धोक्याचे आहे. सोडणे अवश्य, परंतु वैद्याच्या देखरेखीखाली. दर वर्जनागणिक पुढचे वर्जन अधिक तीव्र होण्याकडे कल असल्यामुळे वारंवार शपथ घेऊन मोडणाऱ्याच्या बाबतीत ही काळजी विशेष घ्यावी लागते.

उपचार : वर्जनकाळात डायाझेपाम, क्लोरडायाझेपॉक्साइड ह्यांसारखी औषधे देऊन ती काही दिवसांत क्रमाने कमी करतात. ही औषधे गाबा-ग्राहींमार्फतच काम करीत असल्यामुळे काढून घेतलेला आधार हळूहळू सोडविता येतो. थायामीन (ब१ जीवनसत्त्व) देणे तितकेच आवश्यक असते. त्याच्या अभावी डोळ्यांच्या हालचाली बिघडणे, तोल जाणे व गोंधळ हा व्हेर्निके विकार होतो आणि पुढे स्मृती कायमची जाऊ शकते. उपाशी मद्यप्यास थायामीन न देता केवळ ग्लुकोज चढविल्यास हा विकार बळावण्याचा धोका असतो. हे उपचार दुर्मिळ अथवा खर्चिक नाहीत. शहापूर येथे उपजिल्हा रुग्णालय व मुरबाड येथे ग्रामीण रुग्णालय असून ठाणे येथे १९०१ पासूनचे मनोरुग्णालय आहे. दूरच्या पाड्यावरून तेथपर्यंत वेळेत पोहोचणे हा भाग पावसाळ्यात सर्वांत अवघड ठरतो.

वर्जन पार पडल्यानंतर तलफेचा प्रश्न उरतो. डायसल्फिराम ह्या १९४८ पासून माहीत असलेल्या औषधामुळे मद्य घेताच ॲसिटाल्डिहाइड साचून ओकाऱ्या, धडधड इ. त्रास होतो, ते रुग्णास न कळविता जेवणात मिसळून देण्याचा प्रकार ऐकिवात येतो, परंतु त्याने प्राणघातक प्रतिक्रिया येऊ शकते. नालट्रेक्सोनाची क्रिया वेगळी आहे. ते अफू-ग्राही अडवून धरते. पिणाऱ्याच्या शरीरात एंडॉर्फिन स्रवते, पण त्यास बसायला जागा मिळत नाही. दारू चढते, मात्र गोडी लागत नाही व पहिल्या पेल्यामागून दुसऱ्याची ओढ मंदावते. मूळ अफूच्या व्यसनासाठी असलेले हे औषध अमेरिकेत १९९४ मध्ये मद्यावलंबनासाठी मान्य झाले. सर्वांना त्याचा सारखा उपयोग होत नाही. यकृत फार बिघडलेले असल्यास ते जपून द्यावे लागते आणि ते चालू असताना मॉर्फीनासारखी वेदनाशामके लागू पडत नाहीत. म्हणून शस्त्रक्रियेपूर्वी त्याची माहिती देणे आवश्यक असते. सह्यता काही आठवड्यांत ओसरते, परंतु खुणांनी जागी होणारी ओढ पुष्कळ काळ टिकते, हे लक्षात घेऊन उपचार महिनोगणती चालू ठेवतात.

खुणा नाहीशा करणे एकट्यास क्वचितच साधते. ह्या दृष्टीने १९२२ ची देवी चळवळ अभ्यसनीय आहे. त्या वेळच्या ठाणे जिल्ह्याच्या किनाऱ्यावर, पालघर भागातील कोळ्यांत तिचा उगम झाला आणि अंगात येणाऱ्या देवीच्या आज्ञेने दारू व मांस सोडण्याची लाट आदिवासी पाड्यापाड्यांतून सुरत जिल्ह्यात पोहोचली. तिच्यामागे पारशी मद्यविक्रेते व सावकार ह्यांच्या वर्चस्वाविरुद्धचा रोषही होता. काही ठिकाणी लोक लवकरच पुन्हा पिऊ लागले, काही ठिकाणी व्रत टिकले. एकट्याने शपथ घेणाऱ्यास संध्याकाळी तोच गुत्ता व तेच सोबती भेटतात. अख्ख्या पाड्याने सोडली, तर काही काळ ती संध्याकाळच बदललेली असते.